टेबल सॉचं ब्लेड कसं निवडायचं? थेट गोंद लावता येईल अशी कड कापण्यासाठी संपूर्ण माहिती

सागवानाच्या पाच-सहा फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या आणि टेबलाचा एक सलग टॉप तयार करायचा, हे काम ऐकायला सोपं वाटतं. पण असा टॉप वर्षभरात सांध्यावर उकलला, की दोष सहसा गोंदाला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा कडेत असतं. कड खरखरीत, जळालेली किंवा तिरकी असेल, तर महागातला गोंदही तो सांधा वाचवू शकत नाही.

पारंपरिक पद्धतीत कापलेली कड आधी रंध्याने किंवा जॉइंटर मशीनवर साफ करतात आणि मगच गोंद लावतात. पण योग्य ब्लेड आणि नीट लावलेला टेबल सॉ असेल, तर कापलेल्या कडेला थेट गोंद लावता येतो. त्यासाठी कोणतं ब्लेड घ्यायचं आणि का, ते या लेखात पाहूया. उदाहरणासाठी १० इंची, म्हणजे २५४ मिमी व्यासाचं ब्लेड आणि २० मिमी जाडीची सागवानी फळी धरली आहे.

गोंदाला नेमकी कशी कड लागते?

एक जुना समज आहे की कड थोडी खरखरीत असली तर गोंद चांगला धरतो. फर्निचरमध्ये वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या गोंदाच्या बाबतीत हे उलटं आहे. हा गोंद लाकडाच्या वरच्या पेशींमध्ये थोडा शिरतो आणि दोन कडांच्या मध्ये अगदी पातळ थर तयार करतो. कड खरखरीत असली की मध्ये पोकळ्या राहतात आणि गोंदाचा थर जाड होतो. जाड थर कमजोर असतो. शिवाय बोथट दातांनी चिरडलेले तंतू लाकडाला धड चिकटलेलेच नसतात. गोंद त्या तंतूंना धरतो, आणि ताण आला की तंतूच लाकडापासून सुटतात.

म्हणून कडेच्या पाच अटी लक्षात ठेवा:

- सरळ: दोन फळ्या शेजारी ठेवल्यावर मधून उजेड दिसू नये.
- काटकोनात: वरचा पृष्ठभाग आणि कड यांच्यात ९० अंश.
- गुळगुळीत: नखाला करवतीच्या रेघा जाणवू नयेत.
- न जळलेली: तपकिरी-काळा डाग नको. जळालेल्या भागात गोंद नीट पसरत नाही आणि शिरत नाही.
- ताजी: शक्यतो त्याच दिवशी कापलेली.

अमेरिकेच्या वनखात्याची मॅडिसन इथली फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आपल्या लाकूडविषयक हँडबुकमध्ये चिकटवण्याआधी २४ तासांच्या आत पृष्ठभाग ताजा करायला सांगते. करवतीने कापलेल्या कडेला थेट गोंद लावायचा असेल, तर करवत आणि लाकूड पुढे नेणारी यंत्रणा अतिशय चांगल्या स्थितीत हवी, नाहीतर सांधे रंध्याने साफ केलेल्या कडेपेक्षा कमजोर होतात, हेही त्यात सांगितलं आहे. म्हणजे निम्मं काम ब्लेडचं आणि निम्मं मशीनचं.

आधी हे ठरवा: उभा काप की आडवा काप?

लाकडाच्या रेषांच्या दिशेने केलेला काप म्हणजे उभा काप, त्याला रिप कट म्हणतात. रेषांना छेदून केलेला काप म्हणजे आडवा काप, अर्थात क्रॉसकट. टॉपसाठी फळ्या जोडताना ज्या कडांना गोंद लागतो, त्या उभ्या कापाच्या असतात. आडव्या कापात तंतूंची टोकं उघडी पडतात. ती गोंद शोषून घेतात आणि नुसत्या गोंदावर असा सांधा टिकत नाही.

उभ्या कापात लांब, दोऱ्यासारखा भुसा निघतो आणि भरपूर निघतो. तो वाहून न्यायला दातांमध्ये मोठी खाच लागते. आडव्या कापात तंतू आधी स्वच्छ तोडावे लागतात, नाहीतर कड उडते. तिथे जास्त आणि धारदार टोकाचे दात लागतात. दोन्ही कामांसाठी वेगवेगळी ब्लेड असतात ती यामुळेच.

किती दात? थोडं गणित

दुकानात "फिनिशिंग हवंय" म्हटलं की ६० किंवा ८० दातांचं ब्लेड हातात दिलं जातं. प्लायवुडसाठी ते ठीक आहे. जाड लाकडाच्या उभ्या कापासाठी मात्र हा सल्ला अंगावर येऊ शकतो. कसं ते बघा.

समजा मशीन मिनिटाला ४,००० फेरे घेतं आणि तुम्ही मिनिटाला ३ मीटर वेगाने फळी ढकलता. एका फेऱ्यात फळी ०.७५ मिमी पुढे सरकते. हे अंतर सगळे दात वाटून घेतात:

- २४ दात: प्रत्येक दाताच्या वाट्याला सुमारे ०.०३१ मिमी
- ४० दात: सुमारे ०.०१९ मिमी
- ६० दात: सुमारे ०.०१३ मिमी
- ८० दात: सुमारे ०.००९ मिमी

दाताच्या वाट्याला येणारं लाकूड फारच कमी झालं, की दात कापण्याऐवजी घासायला लागतो. घासलं की उष्णता, आणि उष्णता म्हणजे जळालेली कड. ८० दाती ब्लेडवर तोच परिणाम मिळवायचा, तर फळी तिपटीहून जास्त वेगाने ढकलावी लागेल. तेवढी ताकद लहान मशीनमध्ये नसते आणि हाताने तसं ढकलणं धोक्याचंही आहे.

दुसरा मुद्दा जाडीचा. ब्लेड लाकडाच्या वर १० मिमी निघेल असं ठेवलं, तर २० मिमी फळीत २४ दाती ब्लेडचे एका वेळी एक ते दोन दात असतात आणि ६० दातीचे साधारण तीन. फळी ५० मिमी जाड असेल तर हेच आकडे अनुक्रमे सव्वादोन-अडीच आणि सहा होतात. म्हणजे जाड लाकडात जास्त दात, लहान खाचा आणि भरपूर भुसा अशी कोंडी होते. म्हणून लाकूड जितकं जाड, तितके दात कमी.

२० मिमीच्या आसपास जाडीच्या सागवानाला उभ्या कापासाठी ३० ते ४० दात हा चांगला मध्य आहे. ४० मिमीच्या पुढे २४ दाती ब्लेड घ्या आणि नंतर कडेवर रंधा मारायची तयारी ठेवा.

दाताचा आकार: एटीबी, टीसीजी, एफटीजी म्हणजे काय?

ब्लेडच्या पाकिटावर ही इंग्रजी आद्याक्षरं असतात. दाताला समोरून पाहिलं तर त्याचं टोक कसं दिसतं, ते यातून कळतं.

एफटीजी: सपाट टोक. छिन्नीसारखा दात. उभ्या कापात वेगाने लाकूड काढतो, मजबूत असतो. आडव्या कापात मात्र कड फाडतो.

एटीबी: एक दात डावीकडे तिरका, पुढचा उजवीकडे. टोकं सुरीसारखी तंतू कापतात, त्यामुळे कड स्वच्छ येते. सर्वसाधारण कामासाठी मिळणारी ४० दाती ब्लेड बहुतेक अशीच असतात. हाच तिरकेपणा आणखी वाढवला की हाय-एटीबी. व्हिनिअर लावलेल्या प्लायला ते उत्तम, पण टोकं नाजूक असल्याने लवकर बोथट होतं.

टीसीजी: एक दात दोन्ही कोपरे छाटलेला आणि किंचित उंच, त्याच्यामागचा दात सपाट आणि किंचित बुटका. पहिला मधोमध चर पाडतो, दुसरा बाजू साफ करतो. काम वाटलं गेल्यामुळे धार जास्त टिकते. लॅमिनेट, एमडीएफ आणि कठीण लाकूड यांच्यासाठी चांगलं.

कॉम्बिनेशन: चार एटीबी दात आणि एक सपाट दात असा गट, मग मोठी खाच. १० इंची ब्लेडवर बहुधा ५० दात, म्हणजे असे दहा गट. उभा-आडवा दोन्ही काप बऱ्यापैकी करतं.

थेट गोंद लावण्याजोग्या कडेसाठी खास बनवलेली ब्लेडही मिळतात. त्यांना ग्लू लाइन रिप म्हणतात. फ्रॉइड कंपनीचं या नावाचं १० इंची ब्लेड ३० दाती आणि टीसीजी प्रकारचं आहे. दुसऱ्या वाटेचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फॉरेस्ट कंपनीचं वुडवर्कर टू, ४० दाती आणि एटीबी. दोन वेगळे आकार, पण दातांची संख्या ३० ते ४० मध्येच, हे लक्षात घ्या.

ग्लू लाइन रिप ब्लेडची एक अट असते. त्यात दात प्लेटच्या बाजूला फार बाहेर आलेले नसतात. त्यामुळे दाताची बाजू कडेला जवळजवळ तासत जाते आणि कड गुळगुळीत येते. पण मशीन थोडं जरी वाकडं लावलेलं असेल, तर हेच ब्लेड सर्वात आधी कड जाळतं.

हुक अँगल

दात पुढे किती झुकलेला आहे, तो हा कोन. २० अंशांच्या आसपास असेल तर ब्लेड लाकडात जोराने घुसतं आणि उभा काप सहज होतो. १० ते १५ अंश हा मधला मार्ग. शून्याजवळचा किंवा उणे कोन मायटर सॉसाठी असतो, कारण तिथे ब्लेडने लाकूड ओढून घेणं धोक्याचं असतं. मायटर सॉचं ब्लेड टेबल सॉवर उभ्या कापाला लावलं, तर ढकलायला जोर लागतो आणि कड जळते.

कर्फ, प्लेट आणि रायव्हिंग नाइफ

ब्लेड जेवढी रुंद फट पाडतं, तिला कर्फ म्हणतात. १० इंची ब्लेडमध्ये पूर्ण कर्फ साधारण ३.२ मिमी आणि पातळ कर्फ साधारण २.४ मिमी असतो. पातळ ब्लेड २५ टक्के कमी लाकूड खातं, म्हणून कमी ताकदीच्या पोर्टेबल टेबल सॉला ते सोयीचं. पण त्याची प्लेट पातळ असते. ती थरथरते, गरम झाली की किंचित वाकते, आणि ते कडेवर उमटतं. मोटर पेलत असेल तर गोंदाच्या कडेसाठी पूर्ण कर्फचं ब्लेडच घ्या.

ब्लेडच्या मागे उभी असलेली धातूची पट्टी म्हणजे रायव्हिंग नाइफ. कापलेली फट मिटून ब्लेडला चिकटू नये म्हणून ती असते. तिची जाडी ब्लेडच्या प्लेटपेक्षा जास्त आणि कर्फपेक्षा कमी हवी. पातळ कर्फचं ब्लेड आणलं आणि पट्टी मूळ जाड ब्लेडची राहिली, तर फळी मध्येच अडकते. मग लोक पट्टीच काढून ठेवतात. तसं करू नका. पट्टीवर जाडी कोरलेली असते, ती वाचूनच ब्लेड घ्या.

ब्लेडवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा ब्लेडवर असं लिहिलं आहे: २५४ × ३.२ × २.२ × ३० आणि पुढे झेड ४०.

- २५४: व्यास, मिमीमध्ये
- ३.२: कर्फ
- २.२: प्लेटची जाडी
- ३०: मधल्या भोकाचा व्यास
- झेड ४०: दातांची संख्या

या उदाहरणात दात प्लेटच्या प्रत्येक बाजूला ०.५ मिमी बाहेर आहेत, आणि रायव्हिंग नाइफ २.२ ते ३.२ मिमीच्या मधली लागेल. सोबत जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडाही असतो. तो तुमच्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवा. ईएन ८४७-१ हे युरोपीय सुरक्षा मानक लिहिलेलं असेल तर चांगलंच.

भोकाच्या बाबतीत बरेच जण फसतात. आपल्याकडे २५.४ आणि ३० मिमी भोकाची ब्लेड सर्रास मिळतात, तर अमेरिकन १० इंची मशीनचा दांडा १५.८८ मिमीचा असतो. भोक मोठं असेल तर मध्ये रिंग टाकता येते, पण ती घट्ट बसणारी हवी. सैल रिंग म्हणजे डोलणारं ब्लेड. लहान भोक घरी ड्रिलने मोठं करायचा प्रयत्न अजिबात करू नका.

कोणत्या कामाला कोणतं ब्लेड?

- २० मिमी सागवान, उभा काप, थेट गोंद: ३० दाती ग्लू लाइन रिप किंवा चांगलं ४० दाती एटीबी
- ४० मिमीपेक्षा जाड लाकूड, उभा काप: २४ दाती एफटीजी, नंतर रंधा
- लाकडाचा आडवा काप: ६० ते ८० दाती एटीबी
- प्लायवुड आणि व्हिनिअर: ६० ते ८० दाती एटीबी किंवा हाय-एटीबी
- सनमायका लावलेला बोर्ड, एमडीएफ: ६० ते ८० दाती टीसीजी
- एकच ब्लेड घ्यायचं असेल: ४० दाती एटीबी किंवा ५० दाती कॉम्बिनेशन

दातांचा मालही बघा. सागवानात सिलिका असते आणि ती साध्या पोलादाची धार पटकन खाते. म्हणून टंगस्टन कार्बाइडचे दात असलेलंच, म्हणजे टीसीटी ब्लेड घ्या. कार्बाइडचा तुकडा जाड असेल तर त्याला जास्त वेळा धार लावता येते.

चांगलं ब्लेड लावूनही कड खराब येते? खुणा वाचा

हे डीबगिंगसारखंच आहे. कडेवरच्या खुणा लॉगसारख्या वाचा.

सारख्या अंतरावर बारीक कमानी: वरच्या गणितात एका फेऱ्यात फळी ०.७५ मिमी सरकते. कमानींमधलं अंतर साधारण तेवढंच असेल, तर एकच दात बाहेर आलाय किंवा ब्लेड डोलतंय. दांड्यावरचा आणि वॉशरवरचा भुसा पुसून ब्लेड पुन्हा बसवा.

मध्येच एखादा खोल व्रण किंवा जळालेला पट्टा: तिथे हात थांबला होता. फळी न थांबता, एका वेगाने ढकलायची सवय करा.

पूर्ण लांबीभर जळालेली कड: ब्लेड बोथट किंवा राळेने माखलेलं, दात गरजेपेक्षा जास्त, किंवा फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं.

ब्लेडच्या मागच्या दातांचे ओरखडे: ब्लेड आणि फेन्स समांतर नाहीत. आधी ब्लेड मायटरच्या खाचेला समांतर करा, मग फेन्स. एकाच दातावर खूण करून तो पुढे आणि मागे फिरवून खाचेपासूनचं अंतर मोजा. फरक ०.१ मिमीच्या आत आणा. मोजण्याआधी मशीनचा प्लग काढा.

अर्ध्या अंशाची चूक किती महाग पडते?

ब्लेड ९० ऐवजी ८९.५ अंशांवर असेल, तर डोळ्याला कळतही नाही. पण दोन कडा समोरासमोर आल्या की चूक १ अंशाची होते आणि २० मिमी जाडीवर सांध्यात ०.३५ मिमीची फट पडते. दहा फळ्यांचे नऊ सांधे धरले तर टॉपला ९ अंशांचा बाक येतो. क्लॅम्पने तो दाबून बसवता येतो, पण तो ताण सांध्यात कायमचा राहतो.

उपाय सोपा आहे. एका सांध्यातली एक कड चांगली बाजू वर ठेवून कापा आणि तिला जोडणारी दुसरी कड चांगली बाजू खाली ठेवून कापा. एकीकडे ८९.५ आणि दुसरीकडे ९०.५ अंश येतात, बेरीज १८०. चूक आपोआप रद्द होते.

कापण्याची पद्धत

फेन्सला टेकणारी कड वाकडी असेल, तर कापलेली कडही वाकडीच येणार. पहिली कड सरळ करायला फळी प्लायच्या सरळ पट्टीवर पक्की बसवा आणि ती पट्टी फेन्सला टेकवून कापा.

लाकूड उभं चिरलं की आतला ताण सुटतो आणि फळी थोडी वाकते. म्हणून आधी सुमारे ५ मिमी जास्त रुंद कापा, फळीला स्थिर होऊ द्या, एक कड पुन्हा सरळ करा आणि मग शेवटचा काप घ्या. ५ मिमी ठेवल्यामुळे शेवटच्या कापात ब्लेडच्या दोन्ही बाजूंना लाकूड राहतं आणि ब्लेड एका बाजूला ढकललं जात नाही.

कापल्यावर कडेवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो पसरून मुरला तर कड तयार आहे. मण्यासारखा उभा राहिला तर कड जळालेली, चकचकीत घासलेली किंवा तेलकट आहे. सागवान मुळातच तेलकट असतं, त्यामुळे कापल्यावर लगेच गोंद लावणं उत्तम. वेळ गेला असेल तर अॅसिटोनने पुसून, ते उडून गेल्यावर लावा, आणि जवळपास आग किंवा ठिणगी नसेल याची खात्री करा. कडेवर हाताने सँडपेपर मारू नका, कोपरे गोल होतात आणि सांध्याची रेघ दिसते.

धार आणि सफाई

ब्लेड कापेनासं झालं की लगेच नवीन आणू नका. बरेचदा दातांवर राळ साचलेली असते. ब्लेड काढून सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि पूर्ण कोरडं करा. तरीही कड जळत असेल तर धार लावून घ्या. कार्बाइडला हिऱ्याची चकती लागते, म्हणून टीसीटी ब्लेडला धार लावणाऱ्याकडेच द्या. एक जरी दात तुटला असेल, तर दुरुस्त होईपर्यंत ते ब्लेड वापरायचं नाही.

हे नियम मोडू नका

४,००० फेऱ्यांवर १० इंची ब्लेडच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर असतो. फळी अडकली तर ती याच वेगाच्या जोरावर तुमच्याकडे फेकली जाते.

- रायव्हिंग नाइफ आणि गार्ड लावूनच कापा.
- ब्लेडच्या रेषेत उभे राहू नका, थोडं बाजूला राहा.
- अरुंद तुकड्याला हात नको, ढकलकाठी वापरा.
- हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. चष्मा, मास्क आणि कानाचं संरक्षण हवं.
- ब्लेड बदलताना फक्त स्विच बंद करू नका, प्लग काढा.
- अँगल ग्राइंडरला लाकडाचं दाती ब्लेड कधीही लावू नका.

खरेदीला जाताना मशीनवरून चार गोष्टी लिहून न्या: व्यास, भोक, जास्तीत जास्त फेरे आणि रायव्हिंग नाइफची जाडी. पाचवी गोष्ट, म्हणजे कोणतं लाकूड आणि किती जाड, ती तुमच्या कामावरून ठरवा. या पाच गोष्टी हातात असतील तर दुकानदाराने ८० दाती ब्लेड पुढे केलं, तरी ते नको का आहे हे तुम्हाला सांगता येईल. आणि घरी आल्यावर आधी टाकाऊ फळीवर दोन काप घ्या, कडा जुळवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला नाही, की मगच सागवानाला हात लावा.